तारणाचे टप्पे: आधी काय, मग काय, आणि भिस्त कशावर?

अनुवेध (धागाकर्ता)

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, २९ आणि ३० या दोन वचनांत, प्रेषित पौल पाच गोष्टी एका दमात सांगतो. देवाने ज्यांना आधीपासून ओळखलं त्यांना नेमून ठेवलं, नेमलं त्यांना पाचारण केलं, पाचारण केलं त्यांना नीतिमान (देवाच्या दृष्टीने योग्य) ठरवलं आणि नीतिमान ठरवलं त्यांचा गौरवही केला. जुने उपदेशक याला सोन्याची साखळी म्हणत. पुढच्या अभ्यासकांनी तिच्यात बायबलमधल्या इतर ठिकाणच्या कड्या जोडल्या: नवा जन्म (देवाने माणसाला आतून नवं करणं), पश्चात्ताप, विश्वास, दत्तकपण (देवाचं मूल म्हणून स्वीकारलं जाणं), पवित्रीकरण (पवित्र होत जाणं), शेवटपर्यंत टिकून राहणं. १८ व्या शतकात लूथरपंथी धर्मशास्त्रज्ञांनी या सगळ्याला 'तारणाचा क्रम' असं नाव दिलं आणि धर्मशास्त्राच्या ग्रंथांत त्याचं वेगळं प्रकरण झालं.

धागा काढायचं कारण असं की हे टप्पे शिकवले जातात तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात एक जिना उभा राहतो. पाचारण झालं, विश्वास ठेवला, नीतिमान ठरलो, आता पवित्रीकरण चालू आहे, म्हणजे मी अमुक पायरीवर. मग एखाद्या दिवशी तेच जुनं पाप पुन्हा हातून घडतं आणि माणूस हबकतो. मी खाली आलो, की मुळात चढलोच नव्हतो?

माझं म्हणणं मांडतो. क्रम खरा आहे, पण तो वेळेचा कमी आणि कारणाचा जास्त आहे. काय कशामुळे घडतं ते तो सांगतो. त्यातली कळीची जागा एकच: देवाने मला स्वीकारणं आणि माझ्यात बदल होणं, यातलं कुठलं कशामुळे?

लूकच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातला जकातदार बघा. मंदिरात दूर उभा आहे, वर बघायचीही छाती होत नाही, ऊर बडवत एकच गोष्ट मागतो: देवा, मज पाप्यावर दया कर. येशू म्हणतो, हा नीतिमान ठरून घरी गेला. त्या घडीला त्याच्याकडे दाखवण्यासारखं काय होतं? उपास आणि दशमांश यांचा हिशेब तर शेजारच्या परूश्याकडे (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्याकडे) होता. पुढच्याच अध्यायात दुसरा जकातदार येतो, जक्कय. तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, लुबाडलेलं चौपट परत करतो, पण कधी? येशू झाडाखाली थांबून त्याला नावाने हाक मारतो, सगळ्यांदेखत त्याच्या घरी उतरतो, त्यानंतर. लूकने या दोन गोष्टी इतक्या जवळ ठेवल्या आहेत की त्या एकत्रच वाचाव्यात असं मला वाटतं. स्वीकार आधी, चौपट परतफेड मागून. हा क्रम उलटला की सुवार्ता सुवार्ता राहत नाही.

तुमची मतं वाचायला आवडतील, विशेषतः वेगळ्या परंपरेतल्या मंडळींची.

पाऊलवाट

क्रम वेळेचा नाही हे प्रेषितांची कृत्ये हे बायबलमधलं पुस्तक वाचताना लगेच लक्षात येतं. अध्याय २ मध्ये पेत्र सांगतो, पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या, म्हणजे पवित्र आत्म्याचं दान मिळेल. अध्याय ८ मध्ये शोमरोनातल्या लोकांनी विश्वास ठेवला, बाप्तिस्माही घेतला, तरी पेत्र आणि योहान येऊन हात ठेवेपर्यंत आत्मा उतरला नव्हता. अध्याय १० मध्ये कर्नेल्याच्या घरी पेत्राचं बोलणं अजून चालूच आहे, तोवर ऐकणाऱ्यांवर आत्मा उतरतो, आणि मग पेत्र विचारतो की आता यांच्या बाप्तिस्म्याला कोण आडकाठी करणार? तीन प्रसंग, तीन क्रम. लूकने (हे पुस्तकही त्याचंच) ते जुळवून घ्यायची खटपटही केलेली नाही.

माझा प्रश्न पुढचा आहे. नवा जन्म आधी की विश्वास आधी? यावरून मंडळ्या (चर्च) फुटल्या आहेत.

अनुवेध

पाऊलवाट, दोन्ही बाजूंचं जे सगळ्यात बळकट आहे तेच घेतो.

सोळाव्या शतकातला सुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतले लोक म्हणतात, नवा जन्म आधी. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय माणसाला पापांत मेलेला म्हणतो, आणि मेलेला हात पुढे करत नाही. यहेज्केल ३६:२६ मध्ये पाषाणाचं हृदय काढून मांसाचं हृदय देण्याचं वचन आहे, तिथे करणारा देवच आहे. आर्मिनियस आणि वेस्ली या दुसऱ्या बाजूच्या प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांच्या परंपरेतले लोक योहान १:१२ दाखवतात: ज्यांनी त्याला स्वीकारलं त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार मिळाला. वेस्लीच्या मते देवाची कृपा प्रत्येक माणसाकडे आधीच पोहोचलेली असते. होकार द्यायची ताकदही तीच देते, पण तो होकार जबरदस्तीचा नसतो.

यात एक गोष्ट निसटते. माणूस स्वतःच्या बळावर पहिलं पाऊल टाकतो असं या दोघांपैकी कोणीही म्हणत नाही. ते मत पाचव्या शतकातल्या पेलागियस या उपदेशकाचं होतं. बिशप ऑगस्टीनने त्याविरुद्ध आयुष्याची अखेरची वर्षं घालवली, ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ते नाकारलं, आणि विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते हे ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेने स्पष्ट केलं. म्हणजे भांडण आहे ते कृपेचं काम कसं चालतं याबद्दल. कृपा आधी की माणूस आधी, हा प्रश्न पाश्चात्त्य मंडळीने दीड हजार वर्षांपूर्वीच निकालात काढला होता.

मला स्वतःला कृत्ये १६ पुरेसं वाटतं. फिलिप्पै गावाबाहेर नदीकाठी काही बायका जमल्या आहेत. थुवतीराची लुदिया, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, पौलाचं बोलणं ऐकते आहे, आणि लूक लिहितो की तिने लक्ष द्यावं म्हणून प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं. त्याच गावात, त्याच अध्यायात, मध्यरात्री भूकंपाने हादरलेला तुरुंगाचा अधिकारी विचारतो, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू? त्याला असं सांगत नाहीत की देव तुझं अंतःकरण उघडेपर्यंत थांब. त्याला सांगतात, प्रभू येशूवर विश्वास ठेव. माझा कल कॅल्व्हिनच्या बाजूला आहे, पण ज्या शिकवणुकीत लुदिया आणि तो अधिकारी दोघेही मावत नाहीत, तिच्यात काहीतरी उणं आहे.

नंदादीप

मी कॅथलिक आहे, त्यामुळे 'कळीच्या जागे'बद्दल बोलायलाच हवं. आमच्याकडे सत्कर्मांनी तारण कमावतात असं अनेकजण धरून चालतात. धाग्यात तसं म्हटलेलं नाही, पण वाचणाऱ्यांच्या मनात ते असतंच.

त्रेंतच्या कॅथलिक परिषदेने नीतिमान ठरण्याबद्दलचा ठराव १३ जानेवारी १५४७ रोजी मंजूर केला. त्यात १६ प्रकरणं आणि ३३ कलमं आहेत. पहिलंच कलम असं आहे की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरू शकतो, असं म्हणणारा मंडळीच्या शिकवणुकीबाहेर आहे. आठव्या प्रकरणात सांगितलं आहे की नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीही, मग तो विश्वास असो की कर्म, ही कृपा कमावू शकत नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. स्वीकार आणि बदल हे तुम्ही वेगळे काढता, आम्ही काढत नाही. सातवं प्रकरण म्हणतं की नीतिमान ठरणं म्हणजे नुसती पापक्षमा नव्हे, तर आतल्या माणसाचं पवित्रीकरण आणि नूतनीकरणही. देव 'प्रकाश होवो' म्हणाला आणि प्रकाश झाला. तो एखाद्याला नीतिमान म्हणेल आणि तो माणूस आतून आहे तसाच राहील, हे मला पटत नाही. बाप्तिस्म्यात हे जीवन सुरू होतं, कृपेने वाढतं, गंभीर पापाने हरवू शकतं आणि पापनिवेदनाच्या संस्कारात परत मिळतं. म्हणून आम्ही टप्प्यांपेक्षा वाढीची भाषा जास्त बोलतो.

आणि ३१ ऑक्टोबर १९९९ चा उल्लेख या धाग्यात हवाच. त्या दिवशी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक मंडळी आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी या शिकवणुकीवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून म्हटलं. २००६ साली मेथडिस्ट (वेस्लीच्या परंपरेतल्या) आणि २०१७ साली रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण १६ व्या शतकात एकमेकांवर केलेले धिक्कार आज या घोषणापत्रात मांडलेल्या शिकवणुकीला लागू होत नाहीत, एवढं त्यात नक्की ठरलं.

अनुवेध

नंदादीप, मनापासून आभार. त्रेंतचं नाव काढणारे बरेच, ठराव उघडून बघणारे थोडे.

तरी एक मुद्दा सोडवत नाही. शेवटच्या दिवशी देवापुढे उभं राहायचं ते कशाच्या आधारावर? माझ्यात घातलेल्या आणि वाढत गेलेल्या नीतिमत्त्वाच्या, की ख्रिस्ताच्या स्वतःच्या, माझ्या खात्यावर धरलेल्या नीतिमत्त्वाच्या? लूथरने विश्वासणाऱ्याला एकाच वेळी नीतिमान आणि पापी म्हटलं ते याच ठिकाणी. माझ्या आत जे वाढलं आहे ते खरं आहे, देवाचंच आहे, पण त्यात अजून इतकी भेसळ आहे की त्यावर मी रात्री शांत झोपू शकत नाही.

'आतून आहे तसाच राहील' ही तुमची भीती मात्र अगदी रास्त आहे. कॅल्व्हिननेही ती ओळखली होती. सूर्याचा प्रकाश आणि त्याची ऊब एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, तरी पृथ्वी ऊबेने उजळत नाही आणि प्रकाशाने तापत नाही, असा दाखला त्याने दिला. नीतिमान ठरणं आणि पवित्र होत जाणं दोन्ही ख्रिस्ताशी एकरूप झाल्याने मिळतं, एक घेऊन दुसरं नाकारता येत नाही. १ करिंथ १:३० मध्ये पौल म्हणतो की ख्रिस्त स्वतःच आपल्यासाठी नीतिमत्त्व, पवित्रीकरण आणि मुक्ती झाला. तिथे क्रम जवळजवळ विरघळतो आणि एक व्यक्ती उरते. माझ्या मते टप्प्यांची सगळी चर्चा या वचनापाशी येऊन थांबायला हवी, नाहीतर आपण दात्याला विसरून देणग्यांची यादी करत बसतो.

रानवारा

मग बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातल्या २:२४ चं काय? माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे.

पाऊलवाट

रानवारा, याचं उत्तर अब्राहामाच्या आयुष्यात सापडतं, कारण पौल आणि याकोब दोघेही त्याचाच दाखला देतात. पौलाचा मुक्काम उत्पत्ती १५ वर आहे: आकाशातले तारे मोजायला सांगून देवाने वचन दिलं, अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याचं नीतिमत्त्व गणलं गेलं. तेव्हा इसहाकचा जन्मही झालेला नव्हता आणि सुंता १७ व्या अध्यायात आहे. पौल रोमकरांस ४ मध्ये यावरच बोट ठेवतो. याकोब उत्पत्ती २२ वर येतो, इसहाकला वेदीवर ठेवण्याच्या प्रसंगावर. मधे कितीतरी वर्षं गेली आहेत. त्या डोंगरावर जुना विश्वास जिवंत असल्याचं दिसलं, आणि याकोब म्हणतोही की शास्त्रातलं १५ व्या अध्यायातलं वचन तेव्हा पूर्ण झालं.

शिवाय समोरची माणसं वेगळी. पौलापुढे मोशेच्या नियमशास्त्राच्या कर्मांवर विसंबणारे आहेत. याकोबापुढे असे लोक आहेत जे उघड्या, उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणून रिकाम्या हाती पाठवतात आणि वर विश्वासाच्या गोष्टी करतात. अशांना याकोबाचंच पत्र वाचून दाखवायला हवं.

जिज्ञासू

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडीने वाचतोय. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या गुन्हेगाराचं मला कधीच पटलं नाही. आयुष्यभर गुन्हे, शेवटच्या तासाला एक विनंती, आणि थेट सुखलोक. त्याने ज्यांना छळलं असेल त्यांचं काय?

अनुवेध

जिज्ञासू, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. तो गुन्हेगार स्वतः म्हणतो की आम्हाला झालेली शिक्षा न्याय्य आहे. तो शिक्षेतून सुटका मागत नाही (ती शेजारचा मागतो), आणि मरतोही तिथेच. क्षमेने त्याच्या गुन्ह्यांचे परिणाम पुसले गेले नाहीत. ज्यांना त्याने छळलं त्यांचा न्याय देव विसरला असंही बायबल म्हणत नाही. त्याचा भार कोणी उचलला, ते मधल्या वधस्तंभाकडे बघून कळतं, असं आम्ही मानतो. मनाला हे सहज मानवत नाही, मान्य. मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्यात दिवसभर राबलेल्या मजुरांनाही ते मानवलं नव्हतं.

टप्प्यांच्या दृष्टीने हा माणूस मोलाचा आहे. बाप्तिस्मा नाही, परतफेडीला वेळ नाही, हात खिळलेले. तरी त्या थोड्या घटकांत त्याने देवाचं भय धरलं, स्वतःचा दोष मान्य केला, शेजाऱ्याला दटावलं आणि येशूचं निर्दोषपण सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. पवित्रीकरणाला वर्षं लागतात हे खरं, पण त्याची सुरुवात किती लवकर होते तेही इथे दिसतं.

शिशिर

मी काही वर्षं ऑर्थोडॉक्स मंडळीत जातोय. हा सगळा वाद मला न्यायालयात अडकल्यासारखा वाटतो. नीतिमान ठरवणं, खात्यावर धरणं, शिक्षा, सुटका. पूर्वेकडच्या मंडळीत पाप म्हणजे आधी रोग आणि मृत्यू, आणि तारण म्हणजे बरं होणं. चौथ्या शतकात बिशप अथनासियसने लिहिलं की देव मनुष्य झाला तो मनुष्याने देवासारखं व्हावं म्हणून. २ पेत्र १:४ मध्ये दैवी स्वभावाचे भागीदार होण्याची गोष्ट आहे. माणूस देव होत नाही, देवाचं सार त्याच्या पलीकडेच राहतं, पण कृपेने तो देवाच्या जीवनात खरोखर सहभागी होतो. आमच्याकडेही टप्पे सांगतात: शुद्धी, प्रकाश, ऐक्य. पण एकदा शुद्धी झाली की ती मागे पडते असं नाही. मोठमोठे तपस्वी मरताना पश्चात्तापासाठी अजून वेळ मागतात.

नंदादीप

शिशिर, हे फार छान मांडलंत. गौरव हा शेवटचा टप्पा आम्ही पाश्चात्त्य लोक एका वाक्यात उरकतो. १ योहान ३:२ म्हणतं की तो आहे तसा आपण त्याला पाहू आणि त्याच्यासारखे होऊ. सगळं ज्याच्यासाठी चाललंय ते हेच आहे ना?

ओंजळ

सगळं वाचलं. मला वादात भर घालायची नाही. माझा प्रश्न साधा आहे. लहानपणापासून चर्चमध्ये वाढले. अमुक दिवशी माझा नवा जन्म झाला असं सांगता येत नाही. साक्ष द्यायची वेळ आली की इतरांकडे तारीख असते, रडू असतं, प्रकाश असतो. माझ्याकडे फक्त इतकंच आहे की प्रार्थनेवाचून मला राहवत नाही आणि येशूला सोडून कुठे जायचं ते सुचत नाही. त्यात इब्री ६ (इब्रीकरांस पत्राचा सहावा अध्याय) वाचलं की पोटात गोळा येतो. ज्यांनी एकदा प्रकाश पाहिला आणि पतन पावले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. मी त्यातली तर नाही?

पाऊलवाट

ओंजळताई, तारीख हवी असं बायबलमध्ये कुठेही नाही. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य बाळपणापासून पवित्र शास्त्र जाणत होता, त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, आणि तो कधी 'वळला' हे पौल सांगतही नाही.

अनुवेध

ओंजळताई, तुमच्या प्रश्नासाठीच हा धागा काढला होता असं आता वाटतंय.

आधी इब्री ६. तारण गमावता येतं का, यावर ख्रिस्ती लोकांचं एकमत नाही. १६१० साली आर्मिनियसच्या अनुयायांनी आपली पाच कलमं मांडली, तेव्हा पाचव्यात त्यांनी स्वतःच लिहिलं की हा प्रश्न शास्त्रातून आणखी तपासायला हवा. कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या मंडळ्यांच्या डॉर्टच्या सभेने १६१८-१९ मध्ये उलट निर्णय दिला: देव आपल्या लोकांना शेवटपर्यंत राखतो. पण त्याच सभेने हेही लिहून ठेवलं की खरे विश्वासणारे दावीद आणि पेत्रासारखे भयंकर पडू शकतात, आणि काही काळ देवाच्या कृपेची जाणीवही त्यांना उरत नाही. जाणीव जाणं आणि कृपा जाणं त्यांनी वेगळं धरलं. इब्रीकरांस पत्र ज्यांना इशारा देतं ते ख्रिस्ताला पुन्हा वधस्तंभी देणारे, उघड पाठ फिरवणारे आहेत. आणि नवव्याच वचनात लेखक वाचकांना 'प्रियजनहो' म्हणून सांगतो की तुमच्याबद्दल आमची खात्री याहून चांगली आहे. ज्याला पोटात गोळा येतो आणि जो तरीही प्रार्थना सोडत नाही, त्याने पाठ फिरवलेली नाही.

दुसरं, खात्री कुठे शोधायची. १६ व्या शतकाच्या अखेरीला इंग्रज धर्मशास्त्रज्ञ विल्यम पर्किन्सने तारणाच्या टप्प्यांचा एक मोठा तक्ताच काढला, निवडीपासून गौरवापर्यंत. हेतू लोकांना धीर देण्याचा होता. पण त्या परंपरेतले किती तरी प्रामाणिक लोक आपण तक्त्यात कुठे आहोत हे शोधत स्वतःच्या मनाचाच धांडोळा घेत राहिले. जितकं आत बघावं तितकं पाप जास्त दिसतं, तिथे खात्री कशी मिळणार?

जॉन वेस्लीचं उदाहरण सगळे तारखेसाठी देतात: २४ मे १७३८, संध्याकाळी पावणेनऊच्या सुमारास, लंडनमधल्या आल्डर्सगेट रस्त्यावरची सभा. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. १७२८ पासून तो दीक्षित धर्मगुरू होता, समुद्र ओलांडून जॉर्जियात मिशनरी म्हणून जाऊन आला होता, शिस्तीने उपास आणि प्रार्थना करत होता, आणि तरी अस्वस्थ होता. त्या संध्याकाळी कोणीतरी लूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. वेस्लीने लिहून ठेवलं की त्याला वाटलं, आपण ख्रिस्तावर, तारणासाठी एकट्या ख्रिस्तावर भिस्त ठेवतो आहोत. नजर स्वतःवरून ख्रिस्तावर गेली, एवढंच घडलं. ते एका संध्याकाळी घडो की वीस वर्षांत हळूहळू, त्याने काही फरक पडत नाही.

योहान ६ मध्ये बरेच शिष्य सोडून जातात तेव्हा येशू बारा जणांना विचारतो, तुम्हीही जाणार का? पेत्र कुठलाही टप्पा सांगत नाही. तो म्हणतो, प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार? तुम्ही वर जवळजवळ हेच लिहिलं आहे, ताई. तो विश्वासच आहे.

ओंजळ

आज रात्री योहान ६ पूर्ण वाचते. नंदादीप यांनी बाप्तिस्म्याबद्दल लिहिलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झालाय, मग त्यात विश्वासाची जागा कोणती?

नंदादीप

ताई, इथे दोन ओळींत लिहिलं तर अर्धवट होईल. लहान मुलांच्या बाप्तिस्म्यावर वेगळा धागा काढते. पाऊलवाट, तुमची मंडळी प्रौढ बाप्तिस्मा मानते असं दिसतं, तुमची बाजू तुम्हीच मांडा. शिशिर यांनीही यावं, ऑर्थोडॉक्स मंडळीत तान्ह्या बाळाला त्याच वेळी अभिषेक आणि पवित्र सहभागिताही देतात, त्याबद्दल मला विचारायचं आहे.